बाजारभावाच्या तक्त्यातील ओळींची क्रमवारी : लवचीक सॉर्टिंगची रचना पायरीपायरीने

बाजार समित्यांचे रोजचे भाव दाखवणारा तक्ता वेबपानावर उभारायचा आहे, असे धरू. त्यात बाजार समिती, शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर आणि तारीख असे नऊ स्तंभ आहेत. शीर्षकावर टिचकी मारली की ओळी त्या स्तंभाप्रमाणे लागाव्यात, एवढीच मागणी असते. पण याच तक्त्यात मराठी नावे आहेत, स्वल्पविराम असलेले आकडे आहेत, दिवस आधी आणि वर्ष शेवटी लिहिलेल्या तारखा आहेत, ‘नं. १’ आणि ‘नं. २’ अशा प्रती आहेत, काही ठिकाणी आवक नोंदवलेलीच नाही, कांदा क्विंटलवर तर कोथिंबीर नगावर विकली जाते आणि तळाशी एकूण आवकेची ओळ आहे. क्रमवारीचे बहुतेक अवघड प्रश्न इथे एकत्र भेटतात, म्हणून हाच तक्ता उदाहरणादाखल घेतला आहे. खालचे विवेचन जावास्क्रिप्ट धरून केले असले तरी जावाच्या स्विंगमध्ये किंवा क्यूटीमध्ये (संगणकावरील पडदे उभारण्याच्या या साधनांत) काम करणाऱ्यालाही रचना तीच ठेवता येईल.

बहुतेक टेबल कॉम्पोनंट प्रत्येक स्तंभासाठी स्वतःचे तुलना-फंक्शन देण्याची सोय ठेवतात आणि त्यालाच लवचीकता समजले जाते. माझ्या मते ती सोय आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कारण त्या एका फंक्शनमध्ये मग सगळेच कोंबले जाते: मजकुरातून आकडा काढणे, रिकाम्या जागा हाताळणे, उतरता क्रम उलटवणे आणि बरोबरी झाली तर दुसरा स्तंभ पाहणे. सहा महिन्यांनी दहावा स्तंभ जोडताना यातले काहीतरी हमखास सुटते. म्हणून सुरुवातीलाच पाच निर्णय वेगळे करावेत: ओळीतून तुलनेसाठी कोणते मूल्य घ्यायचे, दोन मूल्यांची तुलना कशी करायची, मूल्य नसेल तर ओळ कुठे ठेवायची, दिशा कोणती आणि बरोबरी कशी फोडायची. पहिले दोन निर्णय स्तंभाने जाहीर करावेत, दिशा वापरकर्त्याने निवडावी आणि या सर्वांची जुळणी टेबलने एकाच ठिकाणी करावी.

पायरी १ : दिसणारा मजकूर आणि तुलनामूल्य वेगळे करा

वाचकाला ‘₹ १,८५०’ दिसते. क्रमवारीला मात्र १८५० ही संख्या हवी असते. या संख्येला आपण तुलनामूल्य म्हणू. प्रत्येक स्तंभाच्या व्याख्येत दोन स्वतंत्र फंक्शने असावीत: एक ओळ घेऊन दाखवायचा मजकूर देणारे आणि दुसरे तीच ओळ घेऊन तुलनामूल्य देणारे. दुसरे दिले नसेल तर मूळ डेटातील कच्चे मूल्य वापरावे. पडद्यावर रेखाटलेला मजकूर उलट वाचून त्यातून संख्या काढण्याचा मार्ग कधीही धरू नये.

तो मार्ग किती घातक आहे हे काही उदाहरणांतून लक्षात येईल. जावास्क्रिप्टच्या सॉर्ट मेथडला काहीही न सांगता संख्यांचा ॲरे (यादी) दिला, तर ती प्रत्येक संख्येचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करून तुलना करते. त्यामुळे ९००, १२०० आणि १५००० यांचा ‘चढता’ क्रम १२००, १५०००, ९०० असा लागतो. पार्सफ्लोट या फंक्शनला इंग्रजी अंकांत लिहिलेली ‘१,८५०’ ही स्ट्रिंग दिली, तर ते स्वल्पविरामापाशी थांबते आणि उत्तर १ देते. चूक दाखवणारा संदेश येत नाही, दर मात्र एक रुपया होतो. देवनागरी अंकांतली स्ट्रिंग नंबर या फंक्शनला दिली तर उत्तर संख्याच नसते, ‘नॅन’ येते. सर्वांत फसवी गोष्ट रिकाम्या स्ट्रिंगची आहे, कारण नंबर फंक्शन तिचे आणि नल या ‘मूल्यच नाही’ अशा खुणेचेही शून्य करते. म्हणजे ज्या समितीने दर कळवलाच नाही, ती चढत्या क्रमात सर्वांत स्वस्त बाजार म्हणून पहिल्या ओळीत झळकते. भाव पाहून माल कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या शेतकऱ्यापुढे असा तक्ता ठेवणे मला गंभीर चूक वाटते.

तारखेचेही तसेच आहे. ‘०५/११/२०२४’ हा मजकूर स्ट्रिंग म्हणून ताडला तर आधी दिवस ताडला जातो आणि सर्व महिन्यांच्या पाच तारखा एकत्र येतात. डेट ऑब्जेक्टकडे तो तसाच सोपवला तर अनेक ब्राउझर अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचतात आणि पाच नोव्हेंबरचा अकरा मे होतो. डेटा आत येतानाच तारीख वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ क्रमात साठवावी. मग साध्या स्ट्रिंग-तुलनेनेही ती बरोबर लागते आणि दाखवताना हवे ते रूप देता येते.

पायरी २ : कंपॅरेटरचा करार पाळा

कंपॅरेटर दोन मूल्ये घेतो आणि पहिले आधी यावे तर ऋण, नंतर यावे तर धन आणि बरोबरी असेल तर शून्य परत देतो. हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागच्या अटी मात्र दुर्लक्षिल्या जातात. अ आणि ब यांची तुलना ऋण आली, तर ब आणि अ यांची धन आलीच पाहिजे. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी असलाच पाहिजे. शिवाय अ आणि ब बरोबरीचे, ब आणि क बरोबरीचे असतील, तर अ आणि क हेही बरोबरीचे असले पाहिजेत.

‘अ हा ब पेक्षा मोठा आहे का’ याचे फक्त खरे-खोटे उत्तर देणारा कंपॅरेटर पहिलीच अट मोडतो, कारण खोट्याचे शून्य होते आणि ‘लहान’ व ‘समान’ यांतला फरक पुसला जातो. वजाबाकी करून उत्तर देणारा कंपॅरेटर शुद्ध संख्यांसाठी चालतो, परंतु एका बाजूला नॅन आले की वजाबाकीही नॅन होते आणि सॉर्ट मेथड तिला शून्य समजते. ते एक बिघडलेले मूल्य मग ९०० च्याही बरोबरीचे आणि १५००० च्याही बरोबरीचे ठरते, तिसरी अट मोडते आणि आजूबाजूच्या निर्दोष ओळीही भलत्या जागी जाऊन बसतात. जावाने २०११ साली सातव्या आवृत्तीत टिमसॉर्ट ही क्रमवारीची पद्धत स्वीकारल्यापासून असा करारभंग लक्षात आल्यास ती अपवाद फेकून थांबू शकते. जावास्क्रिप्ट मात्र गप्प राहते आणि जो काही क्रम लागेल तो परत देते, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

संख्या, तारीख, मजकूर आणि ठरीव यादी असे चार कंपॅरेटर एकदा नीट लिहून, तपासून टेबलसोबतच द्यावेत. बहुतेक स्तंभांना यांपैकी एकाचे नाव सांगणे पुरते. वेगळा कंपॅरेटर देण्याची मोकळीक खऱ्या अपवादांसाठी राहते.

पायरी ३ : रिकाम्या जागा आणि दिशा

आवक शून्य असणे आणि आवक नोंदवलेली नसणे या दोन वेगळ्या वस्तुस्थिती आहेत. शून्य ही माहिती आहे. नोंदच नसेल, तर त्या ओळीला या स्तंभापुरते क्रमवारीत स्थानच नाही. म्हणून तुलनामूल्य देणाऱ्या फंक्शनने ‘---’, रिकामी स्ट्रिंग, नल आणि नॅन या सर्वांचे रूपांतर एकाच ‘रिकामे’ या खुणेत करावे आणि कंपॅरेटरपर्यंत ती खूण पोहोचूच देऊ नये. रिकाम्याचा निकाल त्याआधीच टेबलने लावावा.

इथे दिशेचा प्रश्न गुंततो. उतरता क्रम मिळवण्यासाठी संपूर्ण निकालाचे चिन्ह उलटवले, तर चढत्या क्रमात तळाशी असलेल्या रिकाम्या ओळी उतरत्या क्रमात माथ्यावर येतात आणि ‘सर्वांत जास्त दर कुठे’ हे पाहायला आलेल्या माणसाला आधी पानभर रेघा दिसतात. वापरकर्त्याला दोन्ही दिशांत रिकाम्या ओळी तळाशीच हव्या असतात. म्हणून दिशेचे चिन्ह फक्त खऱ्या मूल्यांच्या तुलनेला लावावे, रिकाम्यांच्या निकालाला नव्हे. चढता लागलेला ॲरे सरळ उलटा करून उतरता क्रम मिळवण्याची युक्तीही टाळावी. तिच्यामुळे रिकाम्या ओळी तर वर येतातच, शिवाय समान मूल्यांच्या ओळींचा आपसातला क्रमही उलटतो.

आतापर्यंतचे सर्व निर्णय एकत्र आणणारी जुळणी अशी दिसते. इथे नियम म्हणजे एक स्तंभ आणि त्याची दिशा, तर कायम क्रमांक म्हणजे प्रत्येक ओळीला दिलेला, न बदलणारा स्वतंत्र क्रमांक:

ओळींची तुलना (अ, ब):
— नियमांच्या यादीतील प्रत्येक नियम क्रमाने घ्या.
— क = नियमाचे तुलनामूल्य (अ); ख = नियमाचे तुलनामूल्य (ब).
— क आणि ख दोन्ही रिकामे असतील तर पुढच्या नियमाकडे जा.
— फक्त क रिकामे असेल तर +१ परत द्या. फक्त ख रिकामे असेल तर −१ परत द्या.
— फ = नियमाचा कंपॅरेटर (क, ख).
— फ शून्य नसेल तर चढत्या क्रमासाठी फ, उतरत्या क्रमासाठी −फ परत द्या.
— सर्व नियम संपले तर अ आणि ब यांच्या कायम क्रमांकांची तुलना परत द्या.

संपूर्ण कॉम्पोनंटमध्ये ओळींची तुलना करणारे फंक्शन हे एवढेच असावे. एखाद्या स्तंभासाठी रिकाम्या ओळी मुद्दाम वर हव्या असतील, उदाहरणार्थ नोंद न झालेल्या समित्या शोधणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी, तर त्या नियमावर तसा पर्याय ठेवावा आणि चौथ्या ओळीतली चिन्हे त्यावरून ठरवावीत.

पायरी ४ : मराठी मजकुराचा क्रम

शेतमाल आणि बाजार समिती या स्तंभांसाठी साधी स्ट्रिंग-तुलना पुरत नाही, कारण ती अक्षरांच्या युनिकोड संकेतांकांवर चालते आणि संकेतांकांचा क्रम म्हणजे मराठी वर्णमाला नव्हे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे संकेतांकांनुसार ‘कळवण’ आधी आणि ‘कवठे महांकाळ’ नंतर लागते, तर वर्णमालेनुसार ‘कवठे महांकाळ’ आधी यायला हवे. ‘ॲ’ या अक्षराची तर आणखी परवड आहे. त्याचा संकेतांक देवनागरी विभागाच्या बराच शेवटी, ‘ह’ च्याही पुढे आहे, म्हणून ‘ॲपल बोर’ हे ‘हळद’ आणि ‘हरभरा’ यांच्याही खाली जाऊन पडते.

यावर उपाय इंटल.कोलेटर हा आहे. एक्मा ४०२ या मानकाची पहिली आवृत्ती २०१२ साली आली तेव्हापासून तो मानकात आहे आणि भाषेनुसार क्रम लावण्यासाठीच तो केला आहे. मराठीचा ‘एमआर’ हा संकेत देऊन कोलेटर एकदाच तयार करावा आणि त्याचे कंपेअर फंक्शन सर्व तुलनांसाठी वापरावे. प्रत्येक तुलनेच्या वेळी लोकेलकंपेअरला भाषा आणि पर्याय नव्याने सांगणे मोठ्या याद्यांत महागात पडते. ‘न्यूमेरिक’ हा पर्याय चालू ठेवला की मजकुरातले अंक संख्या म्हणून ताडले जातात आणि ‘गट २’ हा ‘गट १०’ च्या आधी येतो. हा पर्याय देवनागरी अंकांनाही लागू पडतो, ही मराठी तक्ते करणाऱ्यांसाठी मोलाची सोय आहे.

मात्र चालणाऱ्या यंत्रणेत मराठीचे क्रमनियम नसतील, तर कोलेटर तक्रार न करता दुसऱ्या भाषेचे नियम लावतो. हे विशेषतः सर्व्हरवर संभवते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १३ वी आवृत्ती २०१९ मध्ये आली तेव्हापासून सर्व भाषांचा डेटा तिच्यासोबतच येतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत तसे नव्हते. सपोर्टेडलोकेल्सऑफ या मेथडने मराठी उपलब्ध आहे का ते सुरुवातीलाच विचारावे आणि ‘कळवण’ व ‘कवठे महांकाळ’ यांसारखी जोडी टेस्टमध्ये कायम ठेवावी. अनुस्वाराची जागा आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचे स्थान याबाबत कोशांचे संकेतही वेगवेगळे असतात, म्हणून आपल्या तक्त्याने कोणता संकेत पाळायचा हे काही शब्दांच्या नमुना यादीने आधीच ठरवून घ्यावे.

याहून सूक्ष्म अडचण टंकलेखनाची आहे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणूनही टंकले जाते, ‘अ’ ला चंद्राची मात्रा जोडूनही टंकले जाते आणि काही कळफलक त्या दोहोंच्या मध्ये न दिसणारा जोडक घालतात. डोळ्यांना तिन्ही बहुधा सारखीच दिसतात. युनिकोडच्या मानकात मात्र पहिली दोन रूपे समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे नॉर्मलाइझ मेथड त्यांना एक करत नाही. संकेतांकांच्या क्रमात मग एकच ‘ॲपल बोर’ अर्ध्या समित्यांसाठी ‘अ’ मध्ये आणि उरलेल्यांसाठी तक्त्याच्या तळाशी सापडते. ‘ऱ’ चे तसे नाही: एकसंध ‘ऱ’ आणि नुक्ता जोडलेला ‘र’ हे समतुल्य आहेत आणि नॉर्मलाइझ त्यांना एकरूप करते. म्हणून मजकुराचे तुलनामूल्य तयार करताना तीन गोष्टी कराव्यात: नॉर्मलाइझ, ‘ॲ’ च्या रूपांचे एकीकरण आणि आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा काढणे. मूळ डेटा तसाच राहू द्यावा, हा बदल फक्त तुलनामूल्यापुरता असावा.

पायरी ५ : ठरीव याद्या

जात किंवा प्रत या स्तंभात ‘लोकल’, ‘हायब्रीड’, ‘नं. १’, ‘नं. २’ अशी मूल्ये असतात आणि त्यांचा क्रम व्यापारातल्या वापरावर ठरतो, वर्णमालेवर नाही. प्रत्येक मूल्याचा क्रमांक देणारा नकाशा स्तंभाला द्यावा. यादीत नसलेले नवे मूल्य कधीतरी येणारच, तेव्हा इंडेक्सऑफवर विसंबू नये. ते न सापडलेल्या मूल्यासाठी उणे एक देते आणि अनोळखी प्रत सर्वांत वर चढते. अनोळखी मूल्ये ओळखीच्या मूल्यांनंतर ठेवावीत आणि आपसात कोलेटरने लावावीत.

पायरी ६ : एका पेशीपुरते पाहणे जिथे पुरत नाही

आता या तक्त्यातला सर्वांत कसोटीचा स्तंभ: सर्वसाधारण दर. समजा कांद्याचा दर क्विंटलला १८५० आणि कोथिंबिरीचा दर शंभर नगांना १२०० असा नोंदवला आहे. १२०० हा आकडा १८५० पेक्षा लहान आहे यात शंका नाही. पण कोथिंबीर कांद्यापेक्षा स्वस्त आहे, असे विधान त्यातून करता येत नाही. क्विंटल म्हणजे १०० किलो हे ठरलेले आहे, जुडीचे वजन ठरलेले नाही. परिमाणांची सरमिसळ करून लावलेली क्रमवारी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आणि अर्थाच्या दृष्टीने खोटी असते.

कंपॅरेटरला फक्त पेशीतली दोन मूल्ये मिळत असतील तर हा प्रश्न सुटूच शकत नाही, कारण परिमाण शेजारच्या स्तंभात आहे. तुलनामूल्य देणाऱ्या फंक्शनला पहिल्या पायरीत मुद्दाम संपूर्ण ओळ द्यायला सांगितले ते यासाठीच. जिथे परिमाणे परस्परांत बदलता येतात, जसे किलो, क्विंटल आणि टन, तिथे या फंक्शनने सर्व दर क्विंटलवर आणून द्यावेत आणि प्रश्न तिथेच संपतो. जिथे ती बदलता येत नाहीत, तिथे स्तंभाला ‘गटनियम’ जोडण्याची सोय हवी: दराच्या नियमाआधी परिमाणाचा एक नियम आपोआप यादीत घातला जावा, त्याची दिशा कायम चढतीच राहावी आणि वापरकर्त्याने निवडलेली दिशा फक्त दराला लागावी. मग चढता असो वा उतरता, क्विंटलवर विकला जाणारा माल एकत्र राहतो, नगावर विकला जाणारा एकत्र राहतो आणि प्रत्येक गटात दर नीट लागतात. तक्त्यात दोन गटांमध्ये ‘शंभर नग’ अशी उपशीर्षकाची ओळ दाखवली तर १८५० नंतर ८०० का आले, हा वाचकाच्या मनातला प्रश्नही उरत नाही.

जुळणीच्या फंक्शनमध्ये यासाठी एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही, यादीत फक्त एक नियम वाढतो. नव्या गरजेसाठी तुलनेचा गाभा उघडावा लागू नये, ही लवचीकतेची खरी कसोटी मी मानतो.

पायरी ७ : अनेक स्तंभ, स्थिर क्रम आणि बरोबरी

वापरकर्ता आधी दरावर आणि मग शेतमालावर टिचकी मारतो, तेव्हा शेतमालानुसार गट पडून प्रत्येक गटात दराचा आधीचा क्रम टिकावा, अशी त्याची अपेक्षा असते. हे दोन प्रकारे साधता येते. सॉर्ट स्थिर असेल, म्हणजे समान ओळींचा आधीचा क्रम राखणारा असेल, तर लागलेल्या ॲरेवरच पुन्हा सॉर्ट करून ते आपोआप घडते. जावास्क्रिप्टमध्ये ही हमी एक्मास्क्रिप्ट २०१९ (जावास्क्रिप्टच्या मानकाची त्या वर्षीची आवृत्ती) पासून मानकात आली; त्याआधी क्रोमचे व्ही-८ इंजिन दहापेक्षा जास्त घटकांच्या ॲरेसाठी अस्थिर क्विकसॉर्ट वापरत असे. तरीही मी या मार्गाची शिफारस करत नाही. त्यात आजचा क्रम कोणत्या टिचक्यांमधून आला हे कुठेच नोंदलेले नसते आणि नवा डेटा आला की तो क्रम पुन्हा उभा करता येत नाही.

त्याऐवजी नियमांची यादीच स्टेटमध्ये (कॉम्पोनंटच्या चालू स्थितीच्या नोंदीत) ठेवावी: ‘शेतमाल, चढता’ आणि मग ‘सर्वसाधारण दर, उतरता’. नव्या स्तंभावर टिचकी मारली की त्याचा नियम यादीच्या अग्रभागी यावा आणि जुने मागे सरकावेत. स्विंगमधला टेबलरोसॉर्टर असेच करतो आणि मुळात तीन नियमांपर्यंतच लक्षात ठेवतो. तीनच्या पुढे माणसालाही क्रमाचा माग ठेवता येत नाही, म्हणून ती मर्यादा मला योग्य वाटते. शिफ्ट दाबून टिचकी मारल्यास नियम यादीच्या शेवटी जोडला जावा, हा संकेतही रूढ आहे. यादीत स्तंभाचे नाव आणि दिशा एवढेच असावे, फंक्शन नसावे. तसे केले की ती यादी पानाच्या पत्त्यात ठेवता येते, जतन करता येते आणि सर्व्हरला पाठवता येते.

पहिल्या टिचकीची दिशाही स्तंभाने सांगावी. नावांसाठी चढता क्रम स्वाभाविक आहे, तर दर, आवक आणि तारीख यांसाठी मोठे किंवा ताजे आधी पाहण्याची इच्छा जास्त असते. तिसऱ्या टिचकीला मूळ क्रमावर परतता यावे. त्यासाठी मूळ ॲरे शाबूत असायला हवा आणि सॉर्ट मेथड तर दिलेला ॲरेच बदलते. आधी प्रत करून घ्यावी किंवा एक्मास्क्रिप्ट २०२३ मध्ये आलेली टूसॉर्टेड मेथड वापरावी.

ओळी हजारांत असतील तर प्रत्येक ओळीची तुलनामूल्ये आधी एकदाच काढून ठेवावीत, नंतर त्यांवर क्रमवारी लावावी. दहा हजार ओळींसाठी साधारण १ लाख ३० हजार तुलना होतात आणि प्रत्येक तुलनेत दोनदा मूल्य काढले, तर नॉर्मलाइझसारखे काम अडीच लाखांहून जास्त वेळा घडते. आधी काढून ठेवले तर तेच दहा हजार वेळांत आटोपते.

पायरी ८ : न हलणाऱ्या ओळी आणि उपबाजार

एकूण आवकेची ओळ क्रमवारीत भागच घेत नाही. तिला खूप मोठे किंवा खूप लहान मूल्य देऊन तळाशी ढकलण्याचा प्रकार दिशा बदलताच उघडा पडतो. सॉर्ट करण्याआधी अशा ओळी बाजूला काढाव्यात आणि नंतर जोडाव्यात. उपबाजारांचे वेगळे आहे: लासलगाव समितीखाली निफाड आणि विंचूर हे उपबाजार दाखवले असतील, तर दरानुसार क्रम लावताना ते आपल्या मुख्य बाजारापासून तुटून दूर जाऊ नयेत. इथे प्रत्येक पातळीवरच्या भावंड ओळींची क्रमवारी स्वतंत्रपणे लावावी आणि मग झाड सपाट करावे. मुख्य ओळीचा दर म्हणून स्वतःचा आकडा धरायचा की उपबाजारांतला कमाल, हे तुलनामूल्याच्या फंक्शनने ठरवावे.

ओळ निवडलेली आहे किंवा उघडलेली आहे ही नोंद ओळीच्या कायम क्रमांकावर ठेवावी, तक्त्यातल्या स्थानावर कधीही ठेवू नये. तसेच कर्मचारी दर दुरुस्त करत असताना, प्रत्येक कळ दाबल्यावर पुन्हा सॉर्ट करू नये. हाताखालची ओळ उडून दुसरीकडे गेली तर पुढचा आकडा भलत्याच समितीच्या नावावर लिहिला जाण्याचा धोका असतो. संपादन संपल्यावर किंवा वापरकर्त्याने सांगितल्यावरच क्रम ताजा करावा.

पायरी ९ : शीर्षक आणि सुगम्यता

शीर्षकाच्या पेशीत खरे बटण ठेवावे, म्हणजे कीबोर्डनेही ते दाबता येते. क्रम लागलेल्या शीर्षकाच्या पेशीवर ॲरिया-सॉर्ट हे ॲट्रिब्यूट ‘असेंडिंग’ किंवा ‘डिसेंडिंग’ या मूल्यासह द्यावे. हे एका वेळी एकाच शीर्षकावर असावे असे मानक सुचवते, म्हणून दुय्यम नियमांची माहिती बटणाच्या नावातून द्यावी. बाणाचे चिन्ह पडदावाचकापासून लपवावे, क्रम बदलल्याची सूचना लाइव्ह रीजनमधून (पानाच्या ज्या भागातला बदल पडदावाचक आपोआप वाचून दाखवतो त्यातून) ‘सर्वसाधारण दरानुसार उतरता क्रम’ अशा पूर्ण शब्दांत द्यावी आणि फोकस त्याच बटणावर राहू द्यावा.

पायरी १० : क्रमवारी सर्व्हरवर असेल तेव्हा

तक्ता पानापानाने सर्व्हरवरून येत असेल, तर हाती आलेल्या एका पानावर ब्राउझरमध्ये क्रम लावणे दिशाभूल करणारे आहे, कारण ‘सर्वांत जास्त दर’ म्हणून दिसणारा आकडा त्या पानापुरताच असतो. नियमांची यादी सर्व्हरला पाठवावी आणि तिथे स्तंभांची नावे परवानगी असलेल्या यादीशी ताडून मगच क्वेरीत घालावीत. मूल्यांसारखी स्तंभांची नावे पॅरामीटर म्हणून देता येत नाहीत, त्यामुळे ती थेट जोडली तर एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरून क्वेरीत घातक आज्ञा घुसवण्याला, दार उघडे राहते.

रिकाम्यांचे नियमही तपासावेत. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस नल मूल्यांना सर्वांत मोठे मानतो, म्हणून उतरत्या क्रमात ती वर येतात. मायएसक्यूएल हा डेटाबेस त्यांना सर्वांत लहान मानतो, म्हणून चढत्या क्रमात वर येतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘नल्स लास्ट’ लिहून हे सुधारता येते आणि त्याच्या २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे कोलेशन (भाषेनुसार क्रमनियम) वापरून मराठी क्रमही मागता येतो. क्रमाच्या शेवटी कायम क्रमांक जोडायला इथे विशेषच विसरू नये. समान दराच्या ओळी प्रत्येक क्वेरीला वेगळ्या क्रमाने आल्या, तर एखादी समिती दोन पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच दिसत नाही.

पायरी ११ : तपासणी

प्रत्येक कंपॅरेटरसाठी अडचणीच्या मूल्यांचा एक छोटा संच करावा: शून्य, ऋण संख्या, समान मूल्ये, तिन्ही रूपांतला ‘ॲ’, अनोळखी प्रत. त्यातल्या प्रत्येक जोडीसाठी उलट तुलनेचे चिन्ह उलटे येते का आणि प्रत्येक त्रिकुटासाठी दुसऱ्या पायरीतल्या पुढच्या दोन अटी टिकतात का, हे यंत्राकडूनच तपासून घ्यावे. रिकामी मूल्ये या संचात नसावीत, ती जुळणीच्या फंक्शनच्या टेस्टमध्ये दोन्ही दिशांनी तपासावीत.

त्यानंतर वीसेक ओळींचा एक नमुना तक्ता घ्यावा, ज्यात दोन परिमाणे, काही रिकामे दर आणि मुद्दाम बरोबरीत ठेवलेल्या ओळी असतील. त्याचा अपेक्षित क्रम हाताने लिहून ठेवावा, ओळी वारंवार पिसून सॉर्ट कराव्यात आणि दर वेळी तोच क्रम येतो का ते पाहावे. बरोबरी शेवटी कायम क्रमांकाने फुटत असल्यामुळे उत्तर एकच असायला हवे. एखाद्या फेरीत वेगळे उत्तर आले, तर आधी तुलनामूल्यांत शिरलेले नॅन शोधावे आणि ते नसेल तर दोन ओळींना एकच कायम क्रमांक दिला गेला आहे का ते पाहावे.